महिला विभाग, दुपारी बारा ते तीन

रागिणी तायडेंनी निळं पेन खाली ठेवलं आणि काळं उचललं. नोंदवहीत दहा-बारा सह्या निळ्या झाल्या की सात-आठ काळ्या, मधेच एखादी जेल पेनाची. सीमाची सही डावीकडे कललेली, पार्बताबाईंची मोठ्या थरथरत्या अक्षरांची, हलीमाबींची एका दमात ओढलेली. अकरा वर्षांत हात असा बसला होता, की पंख्याकडे बघत बघतसुद्धा त्या सीमा होऊ शकत होत्या. वाचनालयातल्या महिला विभागाच्या त्या खोलीत बारा खुर्च्या होत्या. बाराही रिकाम्या होत्या.

एकोणतिसावी सही चालू असताना फोन वाजला.

“ताई, प्राजक्ता बोलतेय. गुड न्यूज आहे.”

अकोल्याचं नवं मध्यवर्ती ग्रंथालय जिच्या हातून कागदावर उतरत होतं, ती ही प्राजक्ता. वास्तुविशारद, वय तिशीच्या आत, राहणार अमरावती. गेले चार महिने दर आठवड्याला रेल्वेनं येऊन तिनं या जुन्या वाचनालयाच्या खिडक्या मोजल्या, कपाटं मोजली आणि शेवटी वाचक मोजायला नोंदवह्या घरी नेल्या. यायची ती सकाळी, आणि महिला विभाग उघडायच्या आत परतीच्या गाडीला पळायची. वाचक खोलीत बसून मोजायचे असतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि रागिणीताईंनी तरी ते कशाला शिकवावं?

“मंगळवारी समिती येतेय, दुपारी एकला. अध्यक्षांना अख्खा दुसरा मजला अभ्यासिकेला द्यायचाय. मी म्हटलं, सर, इथे रोज सरासरी एक्केचाळीस बायका वाचायला येतात, तो मजला त्यांचा आहे. ते म्हणाले, प्रत्यक्ष दाखवा, लगेच मंजूर करतो. दाखवायच्या ना ताई?”

“दाखवू ना,” रागिणीताई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा एकोणतिसावी सही फरफटत शेजारच्या रकान्यात गेली होती.

अकरा वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं, की रोजच्या बायका पंचविसाच्या खाली राहिल्या तर विभाग बंद, खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना. मुलं तर तेव्हाही जिन्यात पोती अंथरून बसत होती. बायका आधी वीस-बावीस यायच्या, मग दहा, मग चार. एका शनिवारी कुणीच आलं नाही, तेव्हा रागिणीताईंनी पार्बताबाईंचं नाव लिहिलं. काल आल्या होत्या, उद्या येतील, आजच्या दिवसाचं काय एवढं, असं वाटलं. खोटं पहिल्यांदा येतं ते असं चप्पल हातात घेऊनच येतं. खोली वाचली. मग ती वाचवतच राहावी लागली. त्यात आपला कवडीचा स्वार्थ नाही, आपण बायकांसाठी जागा धरून बसलो आहोत, असं त्या स्वतःला सांगत, आणि ते त्यांना पटतही असे.

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. खरं सांगितलं तर नोकरी जाते आणि बायकांचा मजलाही जातो. नाही सांगितलं तर मंगळवारी एक वाजता या बारा खुर्च्याच सगळं सांगतील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे शनिवार, रविवार, सोमवार.

एकच रस्ता होता. नोंदवहीतल्या बायका खऱ्या आणायच्या.

रविवारी सकाळी रागिणीताईंनी अकरा वर्षांपूर्वीची, खऱ्या सह्यांची जुनी वही कापडी पिशवीत घातली आणि निघाल्या. पहिलं घर पार्बताबाईंचं. सुनेनं दार उघडलं. तिच्या मागे भिंतीवर पार्बताबाईंचा फोटो होता, आणि फोटोला चंदनाचा हार.

“आत्याबाई गेल्या त्याले तीन वर्सं झाले,” सून म्हणाली. “काहून? काही काम होतं काय?”

“नाई, सहजच.”

वहीत मात्र शुक्रवारी दुपारीच पार्बताबाईंनी भजनाचं एक पुस्तक परत करून दुसरं नेलं होतं. सुनेनं दिलेलं पाणी रागिणीताई फोटोकडे पाठ करून प्यायल्या.

सीमाच्या दाराला कुलूप. नवऱ्याची बदली पातूरला झाली म्हणून ती कधीचीच गेली, असं शेजारीण म्हणाली. पुढची तीन घरं अशीच. सहाव्या घरी पौर्णिमा भेटली. ती कॉलेजात असताना यायची, आता कडेवर मूल होतं. तिनं ओळखलं, हसली, मंगळवारी अर्धा तास येते म्हणाली. जाता जाता मात्र विचारलं, “मॅडम, तिथं आता तरी सोय झाली का?” कसली सोय, हे विचारायला रागिणीताई थांबल्या नाहीत. ऊन चढलं होतं आणि पिशवीत अजून नावं होती.

हलीमाबींचं घर जुन्या शहरात, गल्लीच्या टोकाला. दारातच शिलाई मशीन होतं आणि मशीनवर हलीमाबी. वय पासष्टीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वाचनालयात उर्दू मासिकं येत तेव्हा त्या महिनाभर रोज आल्या होत्या, आणि मग एकाएकी बंद झाल्या होत्या.

“तायडेबाई? या या. अनीसा, चाय ठेव!”

अनीसा म्हणजे सून. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. रागिणीताईंनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, मग मंगळवारचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा धीर सुटला. पिशवीत जुन्या वहीखाली या महिन्याचीही वही होती. ती त्यांनी काढून हलीमाबींपुढे ठेवली.

हलीमाबींनी बोटानं ओळ धरली. मराठी त्या सावकाश वाचत.

“हे माहं नाव हाय?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

हलीमाबींनी चार पानं मागे उलटली, मग आणखी चार. मग एकदम खळखळून हसल्या.

“अनीसा, आयकलं का? अकरा सालापासून मी रोज दुपारी तिथं बसून राह्यली! मंग इथं मशीनवर कोन बसली होती, माही सवत?”

अनीसा हसली नाही. रागिणीताईंनी जुनी वही उघडून खरी सही दाखवली. ती उर्दूत होती, उजवीकडून डावीकडे गेलेली, शेवटी एक लहानसं वळण असलेली. अकरा वर्षं रागिणीताई ती मराठीत करत आल्या होत्या आणि एकाही तपासणीत कुणी विचारलं नव्हतं. हलीमाबी आपल्या जुन्या सहीकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

“तुम्ही येणं काहून बंद केलं?” रागिणीताईंनी विचारलं. हा प्रश्न आपण आज पहिल्यांदा विचारतो आहोत, हे त्यांना विचारल्यावर कळलं.

“जाऊ द्या न बाई. जुनी गोष्ट.”

“कावून जाऊ द्या?” अनीसा दारातून म्हणाली. “मी सांगतो. अम्मीले शुगर हाय. घंट्या घंट्याले जा लागते. त्याइनं तुमाले इचारलं होतं, चाबी द्या म्हनून. तुमी म्हनल्या, चाबी सायबाजवळ हाय. अम्मी तशीच उठली, रस्त्यानं घरी येईपर्यंत...”

“अनीसा,” हलीमाबी म्हणाल्या.

चहा उतू गेल्याचा वास आला, अनीसा आत पळाली.

रागिणीताईंचा हात आपसूक कमरेकडे गेला. तिथं जुडगा होता. कपाटांच्या चार किल्ल्या, दाराची एक, आणि मागच्या संडासाची एक, पितळी, अकरा वर्षांत घासून गुळगुळीत झालेली. साहेबांजवळ ती कधीच नव्हती. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, ड्रम एकच होता, झाडायला माणूस नव्हता. सगळ्यांना उघडं ठेवलं तर दोन दिवसांत ड्रम संपेल आणि घाण आपल्याच नशिबी येईल, असं तेव्हा वाटलं होतं. एकट्या बाईला मात्र तो ड्रम पाच दिवस नीट पुरायचा.

हलीमाबींनी किल्ल्यांकडे पाहिलं. चहा आला. तो रागिणीताईंनी तसाच ठेवला. शरमेनं कान तापले होते.

“मी येईन मंगळवारी,” निघताना हलीमाबी म्हणाल्या. “तुमच्यासाठी नाई येत, पन येईन.”

सोमवारी रागिणीताईंनी दुसरा ड्रम आणवला आणि शिपाई धर्मपालला पान्हा घेऊन मागे नेलं.

“बाहेरचा कोयंडा काढून टाक. आतून नवी कडी लाव.”

“मॅडम, मंग तं कोनबी जाईन न!” धर्मपाल घाबरला.

“जाऊ दे.”

“पानी कोन भरन?”

“तू आन मी.”

धर्मपालनं त्यांच्याकडे बघितलं आणि पान्हा लावला. कोयंडा गंजलेला होता, निघायला वेळ लागला.

मंगळवारी बाराला हलीमाबी आणि अनीसा आल्या, साडेबाराला पौर्णिमा. मूल फरशीवर रांगू लागलं. एक वाजला, सव्वा वाजला. जिन्यात पाऊल वाजलं की रागिणीताई उठत आणि पुन्हा बसत. दीडला फोन आला.

“ताई, समिती दुसऱ्या जागेवर अडकलीय,” प्राजक्ता म्हणाली. “साडेतीन होतील. बायका तीनला जातात ना? हरकत नाही. मी सरांशी बोललेय. आजची नोंदवही बघतील, तेवढं पुरे. त्यांना वेळच नाहीये. मजला आपलाच समजा!”

रागिणीताईंनी फोन उपडा ठेवला. देव असतो म्हणतात, तो असा असतो. खुर्च्या बघायला कुणी येणारच नव्हतं. नोंदवही समोर होती, दोन पेनं होती, दोन तास होते. तीन खऱ्या सह्यांखाली अडतीस लिहायच्या, हे काम त्या अर्ध्या तासात झोपेतही करतील. नोकरी वाचेल, मजला मिळेल, सगळ्यांचं भलं. त्यांनी काळ्या पेनाचं टोपण काढलं.

टेबलावर नव्या इमारतीच्या नकाशाची प्रत होती. इतके दिवस त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचा तो मोठा चौकोन तेवढा बघितला होता. ‘महिला वाचनकक्ष, आसनं साठ.’ आज त्या दुसरंच काही शोधत होत्या. बोट पुस्तकांच्या मांडणीवरून सरकलं, जिना उतरलं, पहिला मजला ओलांडून तळमजल्यावर आलं. इमारतीच्या पार मागे, सुरक्षारक्षकाच्या खोलीतून वाट असलेला एक बारीक चौकोन होता. ‘महिला प्रसाधनगृह.’ बाजूला प्राजक्ताच्या सुबक अक्षरात टीप होती. ‘किल्ली सुरक्षारक्षकाकडे.’

तिची तरी काय चूक? एक्केचाळीस बायका रोज बसतात, कुणाची काही तक्रार नाही, असंच वह्या सांगत होत्या.

साठ खुर्च्या. रागिणीताईंना त्या रिकाम्या दिसल्या, आणि दाराशी टेबल टाकून बसलेली कुणी एक बाई दिसली, जिच्या हातात दोन रंगांची पेनं होती.

तेवढ्यात हलीमाबी उठल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. चष्मा पदरानं पुसत त्या मागच्या बाजूला गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग तांब्याभर पाणी पडल्याचा. परत येऊन त्या खुर्चीत टेकल्या आणि मासिकाचं पान जिथं होतं तिथून पुढे वाचू लागल्या. पावणेदोनला पौर्णिमा मुलाला घेऊन घरी गेली. हलीमाबी अडीचला पुन्हा एकदा उठल्या, आणि पुन्हा येऊन बसल्या. तीन वाजून गेले तरी त्या वाचतच होत्या.

साडेतीनला जिन्यात बुटांचा आवाज झाला. पुढे अध्यक्ष, मागे तीन जण, त्यांच्या मागे नकाशांची गुंडाळी छातीशी धरलेली प्राजक्ता. तिनं दुरूनच रागिणीताईंकडे बघून डोळ्यांनी विचारलं, झालं ना सगळं?

“हं, दाखवा तुमची ती वही,” अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले.

रागिणीताईंनी वही पुढे केली. पानावर तीन सह्या होत्या, त्यातली पहिली उजवीकडून डावीकडे गेलेली. तिसरीखाली एक रेघ, आणि रेघेखाली काळ्या शाईत लिहिलं होतं, एकूण तीन.

अध्यक्षांनी पान उलटून पाहिलं. मागचं भरगच्च होतं, पुढचं कोरं.

“हे काय? एक्केचाळीस कुठे आहेत?”

प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक पडला.

“सांगतो साहेब, सगळं सांगतो,” रागिणीताई म्हणाल्या. जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला. “पन इथं नाई. पयले मांगं चला.”

आणि त्या पुढे होऊन इमारतीच्या मागच्या बाजूला चालू लागल्या.