तिसऱ्या आणि चौथ्या खंडाच्या मधे

वाचनालयाच्या जुन्या खोल्यांना ओल चढली आणि पुस्तकं चौकापलीकडच्या नव्या इमारतीत न्यायचं ठरलं. टेम्पोला मात्र ग्रंथपालबाईंनी साफ नकार दिला. "कोंबून नेली की क्रमाची वाट लागते. हातोहात न्यायची."

म्हणून रविवारी सकाळी जुन्या दारापासून नव्या दारापर्यंत दीडशे माणसं रांगेत उभी राहिली. नियम दोनच. हातात आलेलं खाली ठेवायचं नाही, आणि पुढे गेलेलं मागे घ्यायचं नाही. पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक तिथेही पहिलंच पोचलं पाहिजे.

रांगेच्या मध्यावर, बेकरीसमोर, ठकीची आई उभी होती. पोटाशी झोळीत दहा महिन्यांची ठकी, खांद्याला पिशवी. पिशवीत दोन बाटल्या, तीन झबली, थर्मामीटर, आणि थर्मामीटर बिघडलं तर म्हणून दुसरं थर्मामीटर.

उद्या सोमवार. उद्यापासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं आणि ठकी कुणाकडे म्हणून जात नव्हती. पाळणाघरात दोनदा ठेवून पाहिलं. दोन्ही वेळा अकराव्या मिनिटाला तिचा भोंगा वाजला. मिनिटं नक्की ठाऊक होती, कारण आई बाहेरून खिडकीच्या काचेला नाक लावून घड्याळ बघत उभी होती.

"पोर दुसऱ्या कशानं रडत नाही गं," सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझा चेहरा बघून रडते."

हे तिला फार लागलं होतं.

पण रांग चालू झाली आणि रागाला वेळच उरला नाही. डावीकडून पोस्टमनदादा द्यायचे, उजवीकडे गणिताचे मास्तर घ्यायचे. "घ्या! द्या! घ्या! द्या!" असा ठेका चौकभर घुमत होता. कुणी जाता जाता एखादं पान वाचायचं आणि पुढून ओरडा यायचा, "अहो, वाचताय काय, सरकवा!" लहानपणी तापात वाचलेलं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक तिच्या हातातून गेलं, तेव्हा तिने त्याचा चक्क वास घेतला. मास्तरांनी पाहिलं. "मीही घेतला," ते हळूच म्हणाले.

मग शब्दकोश आला. एकेक खंड उशीएवढा. पहिले तीन तिने कसेबसे ठकीच्या डोक्यावरून सरकवले. चौथा पोस्टमनदादांनी पुढे केला आणि तो नेमका झोळीत अडकला. आता टाळूवर आदळणार! तिने ठकीला चटकन बाहेर काढलं, मास्तरांच्या हातात दिलं, "एक क्षण हं," म्हणाली, आणि चौथा खंड दोन्ही हातांनी तोलला.

वळून बघते तो मास्तरांचे हात रिकामे. चौथ्या खंडासाठी पसरलेले.

"मास्तर, ठकी कुठाय?"

"दिली की पुढे."

"पुढे? पुस्तक आहे का ते?"

मास्तरांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग रांगेकडे. चेहरा पांढराफटक. "तीन तास तेच करतोय गं पोरी... हात आपोआप गेले!"

दहा-बारा माणसांपलीकडे लाल टोपडं डुलत डुलत निघालं होतं. चौथा खंड छातीशी कवटाळून ती धावत सुटली.

"थांबवा! परत द्या तिला!"

"परत नाही हो येत!" बेकरीवाला ओरडला. "क्रम बिघडतो! बाई आम्हाला फाडून खातील. टोकाला मिळेल, पळा!"

"आत्ताच गेली," शिंपीकाका म्हणाले. "दोन दात दाखवून गेली."

हसली? ठकी? हे काका चष्मा लावायला विसरले असणार.

चौकाच्या वळणावर सासूबाई उभ्या होत्या. "अहो आई! तुम्ही तरी धरून ठेवायचं ना!"

"धरणार होते! पण त्या दंतवैद्याकडे स्वतःच झेपावली. सख्ख्या आजीला पाठ दाखवली कार्टीनं!" सासूबाई रागावल्या होत्या की हसत होत्या, ते बघायला ती थांबलीच नाही.

नव्या दालनात लाकडाचा ताजा वास होता आणि उंच खिडक्यांतून ऊन थेट कपाटांवर पडलं होतं. मधोमध ग्रंथपालबाई ठकीला धरून तिच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी शोधत होत्या. "ही कुठल्या कपाटातली?" मग त्यांनी तिला खालच्या फळीवर, तिसऱ्या खंडाला टेकून बसवलं. "तिसऱ्यानंतर आलीय. तूर्त इथेच."

ठकीने आईला पाहिलं. आईचा घामेजलेला, भेदरलेला चेहरा पाहिला आणि तिचा खालचा ओठ थरथरू लागला.

तो ओठ बघून ठकीच्या आईला सासूबाईंचं वाक्य आठवलं. तिने झटकन चौथा खंड तोंडासमोर धरला. मनात पाच आकडे मोजले. मग पुस्तकाच्या वरून डोळे बाहेर काढले आणि जमेल तितकं वेडंवाकडं तोंड केलं.

ठकी खदखदून हसली. फळीवर दोन्ही हात आपटून हसली.

"चौथा द्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आणि जागेवर जा. तुमच्यामुळे पाचवा अडकलाय!"

"पण ही..."

"ही इथे पडणार नाही, फाटणार नाही. मी आहे ना."

ती गेली. पहिल्या दहा पावलांत सात वेळा मागे वळली. पुढच्या दहांत दोनदा. मग पाचवा खंड आला, सहावा आला, नकाशे आले, बालकथा आल्या. कधीतरी तिने घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. भोंगा नाही.

शेवटचं पुस्तक पुढे गेलं तशी टाळ्यांची लाटच उठली. रांग मोडणार, इतक्यात वळणावरून आरोळी आली, "थांबा! मागे येतंय काहीतरी!"

लाल टोपडं. हातोहात, उलट्या दिशेनं. दंतवैद्याकडून सासूबाईंकडे, शिंपीकाकांकडे, बेकरीवाल्याकडे. प्रत्येकाच्या नाकाला हात लावत ठकी मास्तरांपर्यंत पोचली. मास्तरांनी या वेळी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि आईच्या हवाली केलं.

आईने घेतलं. आणि तिच्या हातांनी, तिला काही कळायच्या आत, डावीकडे वळून ठकीला पोस्टमनदादांना देऊन टाकलं.

मग अख्खा चौक हसत सुटला, आणि सगळ्यांत मोठ्यानं ठकीची आई.

"द्या पुढे," ती डोळे पुसत म्हणाली. "जाऊ दे टोकापर्यंत!"