साडूपेक्षा मोठं घड्याळ

शिलाई कारखान्याच्या मालकाला साडूचं काही म्हणता काही बघवत नसे. दोघांचे कारखाने समोरासमोर. याची माणसं संध्याकाळ झाली की तोंडं पाडून शिवायची, साडूची हसतखेळत जादा काम करायची. याच्या पोटात दुखायचं.

शेवटी त्याने साडूला गाठलंच. "काय जादू केलीस रे?"

"जादू कसली? सहा वाजले की काम बंद. पुढे थांबायचं का, ते त्यांना विचारतो. थांबेल त्याला जादा तासांची दुप्पट मजुरी. नियमच आहे तसा!"

याने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं. डोळे साडूच्या भिंतीवरच्या घड्याळावर खिळले होते. स्वतःकडे त्याने घड्याळ कधी लावलंच नव्हतं, कारागिरांचे फोनही तो दारातच काढून घ्यायचा. पण साडूकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे नको?

दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट मोठं घड्याळ आणून टांगलं. सहाचे ठोके पडले आणि सगळ्या मशीन थांबल्या.

"अरे, निघालात कुठे?"

कापड कापणारा म्हातारा कटर चपला घालत म्हणाला, "घड्याळ झकास हो, मालक! इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे सहा वाजतच नाहीत."