पॅरिसचा शेजारी

प्राध्यापक कारखानीसांनी पेन पुढे केलं, तरी हायम नागावकरांचे हात मांडीवरच राहिले.

"काका, प्रुफांवर दोनच तर खुणा करायच्यात."

"आज शनिवार."

"अरे हो! तुमचं ते…" कारखानीस हसले. "शनवार तेली! कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवायचे ना तुम्ही यहुदी लोक?"

हायमांच्या लेकीने, मिल्काने, थर्मासमधला चहा कपात ओतला. आठ महिने हा माणूस बोरीवलीहून मुलुंडला येऊन तिच्या हातचा चहा रिचवत होता. पण शनिवारी या घरात कुणी लेखणी धरत नाही, स्टो पेटवत नाही, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणे विद्वान! पुस्तक कुणावर, तर आठशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या एका ख्रिस्ती पंडितावर. तो मठातून उठून शेजारच्या यहुद्यांकडे जायचा, जुन्या करारातल्या हिब्रू ओळींचा अर्थ विचारायचा आणि लिहायचा, 'यहुदी असे म्हणतात.' कोण यहुदी? त्याला नाव नाही.

कारखानीसांना हिब्रूतलं ओ की ठो कळत नव्हतं. वाचून अर्थ सांगायचे ते बाबा. रेल्वेच्या वर्कशॉपातून ऐंशी साली निवृत्त झालेले फिटर, पण हिब्रू वडिलांकडून पक्कं शिकलेले. एकदाच ते चाचरत म्हणाले होते, "कुठे कोपऱ्यात नाव आलं तर… माझ्या बाबांचंसुद्धा. त्यांनी शिकवलं."

"म्हणजे काय काका! येणारच!"

आता प्रुफं समोर होती. कप ठेवता ठेवता मिल्काने आभाराचं पान वाचलं. कुलगुरू, ग्रंथपाल, सौभाग्यवती, सौभाग्यवतींचे बंधू. मग शेवटी : 'हिब्रू मजकुरासाठी एका स्थानिक जाणकाराचे साहाय्य झाले.'

बाबांनीही वाचलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला.

"गंमत सांगतो," बिस्किट बुडवत कारखानीस म्हणाले, "एका ठिकाणी आमच्या पंडिताने काय हास्यास्पद अर्थ दिलाय! मी सरळ लिहिलंय, शिकवणारा शेजारीच अडाणी असणार. गल्लीतला कुणीतरी."

"असेल," बाबा म्हणाले.

"आता तेवढं मुखपृष्ठ बघा. सोमवारी छपाईला जातंय."

वर पुस्तकाचं नाव, आणि खाली बाबांनी बोरूने लिहून दिलेली हिब्रू ओळ, ब्लॉक करून छापलेली, जाड, काळीभोर. मिल्काला ती वाचता येत नव्हती. मुलींना कोण शिकवतो? पण बाबा लिहीत होते तेव्हा ती शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. त्या ओळीत एकच अक्षर बाकीच्यांच्या वर मान काढून उभं होतं. इथे ते खाली लोंबत होतं. अख्खा ब्लॉकच उलटा बसला होता.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा ओळीकडे बघत होते.

"ठीक ना, काका?"

"अक्षर माझंच आहे," बाबा म्हणाले.

"झकास!" कारखानीसांनी प्रुफं पिशवीत कोंबली.

जिन्यावरचा बुटांचा आवाज विरेपर्यंत मिल्का थांबली.

"बाबा, उलटं होतं ना ते?"

बाबांनी टेबलावरचा बिस्किटाचा चुरा तळहाताने एकत्र केला.

"तो पॅरिसचा शेजारी," ते म्हणाले, "अडाणी नसावा गं."

आणि रिकामा कप त्यांनी थर्मासकडे सरकवला.