दुसरी फुंकर

पांढरी प्लास्टिकची नळी, करंगळीएवढी. तिच्या टोकावर ओठांचा ओलावा अजून चमकत होता, आणि तो आपला नाहीच असं जयवंतरावांना वाटलं. श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रावर शून्य यायला हवं होतं, आकडा आला.

"काका, तोंड धुऊन घ्या ने. थोड्या वेळाने परत फुंकायचं," तेजश्री म्हणाली. विमानतळावरच्या तपासणीच्या खोलीत ती नवी. बडोद्यातल्याच कारेलीबागेतली, बोलताना नजर चुकवणारी. "होतं असं कधी कधी."

कधी कधी? इतकी वर्षं उड्डाणाआधी इंजिनं तपासून सही केली, दारूच्या थेंबाला शिवलो नाही, आणि आता खाजगी विमानं आली, हे नियम आले — दुसऱ्यांदाही आकडा आला तर सहीचा अधिकार तीन महिने गेला, आणि बडोद्यात भेटेल त्याला कारण सांगत बसा... हिनेच यंत्रात काही केलं नसेल? हाताखालच्या उदयसिंहरावांचा आपल्या जागेवर डोळा आहे, हे काय लपलंय?

गुळणी करताना घशातून चव वर आली. गोड, तुरट, जराशी जळजळीत.

नीरा, आपली बायको.

सकाळी मी बुटाची नाडी बांधत असताना तिने वाटी पुढे केली, खोकल्याचा काढा समजून मी एका घोटात प्यायलो... तो काढा नव्हता. द्राक्षासव होतं. त्यात मद्यार्क असतो, कामाच्या दिवशी चमचाभरही नको, हे मी तिला नातीला पाढे शिकवावेत तसं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. "कळलं हो, मी काय बालवाडीत आहे?" म्हणून ती हसली होती. म्हणजे ठाऊक होतं तिला. आणि कालच म्हणाली, "आता पुरे ना नोकरी? पुण्याला जाऊ, सानवीजवळ. नात मोठी व्हायला लागली." मग हे ठरवूनच... इतकी पाताळयंत्री?

संशयाला आधार सापडत गेला तसं त्यांना चक्क बरं वाटू लागलं. मग कसा कोण जाणे, परवाचा गॅस आठवला — रिकाम्या पातेल्याखाली जळत राहिलेला. जेवताना तिने विचारलं होतं, "सानवी कितवीत आहे हो?" उत्तर ऐकलं, ताक वाढलं, आणि परत तेच विचारलं. आपण वैतागून म्हणालो, "पुरे चेष्टा."

ती चेष्टा नव्हती?

"काका, या ने. जोरात फुंका."

त्यांनी नळी ओठांत धरली. आकड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तिने मुद्दाम केलेलं असू दे — श्वास सोडता सोडता ते मनात म्हणत होते — कपटाने, माझी नोकरी घालवायला, सगळं नीट लक्षात ठेवून केलेलं असू दे...