हातभर झिजलेला खांब

मी एक जुना खांब आहे, मित्रांनो. वुक्वुना म्हातारीच्या यारांगाचा, म्हणजे रेनडिअरच्या कातड्यांच्या तंबूचा. आम्ही तिघे भाऊ. डोकी एकत्र बांधून पाय फाकवले की झाला सांगाडा!

आमच्या टुंड्रात झाड औषधालाही नाही. मला दूरच्या नदीकाठाहून आणले, तेव्हा वुक्वुना नवी नवरी होती. तंबू उभारणे बायकांचे काम. ती आम्हाला असे उभे करी, की शेजारणी बघत राहत. रेनडिअरचा कळप नव्या कुरणाकडे हलला की आम्हाला घसरगाडीमागे बांधून बर्फावरून फरफटत नेत. पाय झिजत, पण त्या प्रवासाइतकी मजा मला दुसऱ्या कशात आली नाही.

यंदा वुक्वुनाच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तंबू सुनेकडे, रुल्तिनाकडे आला. तिच्या नवऱ्याने, ओम्रुव्येने, मोठ्या हौसेने तीन नवे खांब आणले होते. सरळसोट, माझ्याहून हातभर उंच! आम्हाला सरपणात टाकले. ओम्रुव्ये कुऱ्हाड घेऊन आला. मी पार घाबरलो.

तिकडे वादळ चालून येत होते. रुल्तिनाने नवे खांब बांधले, कातडी चढवली आणि पाहते तो काय, कातडी जमिनीला टेकेचना! खालून वारा शिरला आणि तंबू फुगू लागला.

"आई, कातडी आटली हो!" ती रडकुंडीला आली.

"आटतेय कशाला? मीच कापलीय," घसरगाडीवर बसलेली वुक्वुना खो खो हसली. "खांब झिजले, तशी खालची पट्टी कापत गेले. त्या पट्ट्यांचेच बूट घालून मिरवतोय तुझा नवरा."

"मग काढून घेऊ का ते बूट?"

"आधी ते म्हातारे खांब आण. आणि ओम्रुव्ये, ठेव ती कुऱ्हाड, नाहीतर तुलाच उभा करीन मधोमध!"

रुल्तिनाने धावत येऊन मला उचलले. आम्ही तिघे उभे राहिलो, कातडी अलगद बर्फावर टेकली, कडेला दगड बसले. वादळ दोन दिवस घुमले. आत बर्फाचा कणही आला नाही. वुक्वुना चहा पीत सुनेचे कौतुक करत होती आणि माझा आनंद गगनात मावत नव्हता.

नवे खांब आता आमच्याबरोबर घसरगाडीमागे फरफटतात. येतील हळूहळू मापात.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकण्याआधी एवढेच बघा, की तुमच्या घरातले काय काय तिच्या मापाने शिवले आहे.