पट्टीची वीस मिनिटं

आता हे सांगितलं तर कर्जत स्टेशनापासून खोपोलीच्या घाटापर्यंत एक माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण खालापूर तालुक्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्यानं, खाटेवरून पाय खाली न टाकता, दोन बायकांना एकमेकींच्या जिवाभावाच्या मैत्रिणी करून सोडलं होतं. आणि त्या दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

म्हाताऱ्याचं नाव भिवाजी. उभा जन्म माथेरानला घोडे फिरवण्यात गेला. दोन वर्षांपूर्वी उतारावर घोडा घसरला. घोडा उठला, भिवाजी उठला नाही. कमरेखालचं सगळं मेलं. मुलगा साईराज मोहोपाड्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. महिन्यातून दोनदा येई आणि आल्यापासून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसे. बाकी भार कर्जतच्या एका संस्थेनं धाडलेल्या बायकांवर. सकाळी तासभर इंदूबाई, चारच्या सुमाराला तासभर आसिया.

पडून पडून भिवाजीच्या माकडहाडावर जखम झाली होती. ती रोज धुऊन पट्टी बदलायची, जिला वेळ सापडेल तिनं. संस्थेनं भिंतीवर वही टांगली होती, पण इंदूबाईला अक्षर येत नव्हतं. म्हणून एकीचा निरोप दुसरीला द्यायचं काम भिवाजीकडे आलं. म्हणजे मांजराकडे दुधाची राखण.

त्यानं इंदूबाईला सांगितलं की आसियाचा आजा समुद्रातल्या मुशी माशाच्या पाठीवर बसून मुरूडहून मुंबईला गेला आणि तिकिटाचे पैसे वाचवले. आसियाला सांगितलं की इंदूबाईनं उल्हास नदीच्या पुरातून वाहती म्हैस शिंगाला धरून बाहेर ओढली, तेव्हापासून ती म्हैस तिला बघून लाजते. दोघी हसत, आणि जाताना एकमेकींना सलाम-रामराम सांगून जात.

पण पट्टीला वीस मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ त्याला कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडावं लागे. भिंतीला काय सांगायचं? एका सकाळी तो सहज बोलून गेला की पट्टी काल आसियानं केली. इंदूबाईनं हातातला कापूस ठेवला, स्टूल ओढलं आणि वीस मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत बसली. संध्याकाळी त्यानं आसियाला सांगितलं की सकाळी इंदूबाईनं केली. तीही बसली. जखम दुखत नव्हती, त्यामुळे खोटं पचायला सोपं गेलं. सहा दिवस तिला कुणाचा हात लागला नाही. वास सुटला तेव्हा तो आसियाला म्हणाला, खाटेशी उदबत्ती लावत जा गं, नवस हाय माजा.

त्याच आठवड्यात संस्थेनं सुरभीला पाठवलं. घरोघर जाऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या बायकांसाठी ती मोबाईलचं ॲप बनवत होती. एकीनं काय केलं ते दुसरीला कळतं कसं, असं तिनं विचारलं. मी सांगतो की, भिवाजी म्हणाला. आणि तुम्ही विसरलात तर, असं विचारल्यावर त्यानं तिला पाढे पाठ असलेल्या घोड्याची गोष्ट सांगितली. ती हसली, पण आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

चार दिवसांचं काम तिनं रात्रीत उरकलं. ॲपमध्ये अक्षरच नव्हतं, नुसती चित्रं: ताट, गोळी, पट्टी. काम झालं की चित्रावर बोट टेकवायचं. ते हिरवं होई, दुसरीच्या मोबाईलवरसुद्धा. इंदूबाईला एका खेपेत जमलं. सुरभी कौतुकानं भिवाजीला म्हणाली, "आजोबा, आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तुमचा त्रास वाचला."

छातीत त्याला अजून सगळं कळत होतं. तिथं काहीतरी खचलं.

ताट हिरवं झालं, गोळी हिरवी झाली, पट्टी पांढरीच राहिली. इंदूबाईनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की आसियानं बोट टेकवलं होतं, पण पट्टीचं चित्र वजनाला जड, रेंजला डोंगर चढून नेता येत नाही. ताट हलकं, ते पोचतं. आसियालाही तेच सांगितलं, फक्त नावं उलटी करून. मोबाईलमधलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून दोघीही आपापल्या वेळी स्टूल ओढून ऐकायला बसल्या. आणखी तीन दिवस गेले.

कर्जतला बसून सुरभी ते पांढरं चित्र बघत होती. चौथ्या दिवशी ती दोघींना घेऊनच आली. म्हैस ओढणारी इंदूबाई काटकुळी निघाली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. आसिया तिच्याकडे बघतच राहिली. भिवाजीला मात्र तीन माणसं एकदम ऐकायला मिळाली होती. त्यानं डोंगर उभा केला, रेंज निम्म्यावर दमवली, जड चित्र दगडावर टेकवून तिला पाणी पाजलं. एवढी रंगलेली थाप त्यानं माथेरानलाही कधी मारली नव्हती.

कुणी हसलं नाही. इंदूबाईनं त्याच्या कमरेखाली हात घातला. त्यानं खाटेची कड घट्ट धरली आणि बोलतच राहिला. दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. आसियानं पदर नाकाला लावला. मग दोघींनी एकमेकींना विचारत बोटांवर दिवस मोजले.

"आबा, गप ऱ्हावा," इंदूबाई म्हणाली. "आसियानं नाय केली. मी बी नाय केली. नऊ दिवस कुणीच नाय केली. तुमी आमाला खोटं सांगितलंत."