भाऊजींची पांढरी रेघ

काटा पुन्हा खाली आला होता.

काल संध्याकाळी धाकट्याने गाडीच्या एसीच्या नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरला, गेजच्या काचेवर काट्याच्या टोकाशी पेनने बारीक खूण केली आणि जीव मुठीत धरून घरी गेला. सकाळी आठला शटर वर करून बघतो, तर काटा खुणेच्या चांगला बोटभर खाली. म्हणजे कुठून तरी गळत होतं. तीन दिवस झाले तरी कुठून ते सापडत नव्हतं, आणि आज दुपारी बारा वाजता भाऊजी कायमचे जायचे होते.

धाकटा म्हणजे वय वर्षं त्रेसष्ट. डोक्यावर होते नव्हते ते केस पांढरे झालेले, पण थोरल्या बहिणीने लहानपणी पाडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. त्या बहिणीचा नवरा म्हणजे भाऊजी. दोघांनी मिळून चौतीस वर्षं हे गॅरेज चालवलं. गाड्यांचे एसी हे मुख्य काम, आणि अडल्या-नडल्याचं बाकी सगळं. दोन वर्षांपूर्वी भाऊजींची उजवी बाजू एका सकाळी गेली ती गेलीच. आता ताईचे गुडघेही बोलायला लागले होते. शेवटी त्यांच्या मुलीने ठरवलं, दोघांना आपल्याकडे न्यायचं. पाच तासांचा रस्ता, त्यातला दीड तास डोंगराचा उतार. तिला रजा एकाच दिवसाची मिळाली होती.

भाऊजींनी सगळ्याला मान हलवली, पण एक अट घातली. "जाईन तर माझ्या गाडीतून. नाहीतर मला इथेच राहू दे."

माझी गाडी म्हणजे ही. दोन दारांची, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. दोघांनी ती भंगारातून उचलून आणली तेव्हा तिचं बॉनेट चेपलेलं होतं आणि सीटमध्ये उंदरांचा संसार होता. चार वर्षं प्रत्येक सुट्टीचा दिवस तिच्यात गेला. तिचे दिवे बटण दाबलं की बॉनेटमधून वर येत, त्यातला डावा जरा उशिराने उघडे. ताई म्हणायची, "ही बया माझ्या नवऱ्याला डोळा मारते, आणि तो रोज फसतो."

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की भाऊजींना उन्हात तापवायचं नाही. आणि त्या गाडीची काच मोठी, छत डोक्याला लागेलसं. बंद एसीत ती म्हणजे भट्टीच. म्हणून भाचीने तोड काढली होती : एसी गार चालला तर बाबा स्पोर्ट्स कारमध्ये, चालवायला मामा, आई आणि सामान तिच्याबरोबर मागून. नाही चालला, तर बाबाही तिच्या गाडीत. भाऊजींनी मेहुण्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत म्हटलं होतं, "मग काय, गेलोच म्हणून समजा. एसी कुणाच्या हातात आहे?"

तेच तर. धाकट्याला आपल्या हातांची कधी फारशी खात्री वाटली नव्हती. त्याला खात्री होती ती भाऊजींच्या रेघेची.

त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा एक नट सैल राहिला. कुणाला इजा झाली नाही, पण भाऊजींना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून ठरलं, की आवळायचं एकाने आणि तपासायचं दुसऱ्याने. धाकटा आवळायचा. मग भाऊजी स्वतःचा पाना लावून बघायचे आणि पांढऱ्या रंगात बुडवलेल्या बारीक ब्रशने नटावरून नळीवर जाणारी एक आडवी रेघ ओढायचे. नट कधी केसभर जरी हलला, तरी रेघ तुटलेली दिसणार. रेघ आली की विषय संपला. त्या नटाकडे परत कुणी बघायचं नाही.

म्हणून या तीन दिवसांत धाकट्याने रेघ नसलेलं सगळं पालथं घातलं. ज्यांच्यावरच्या रेघा तेलाने पुसल्या गेल्या होत्या ते बॉनेटखालचे सगळे जोड त्याने साबणाच्या पाण्याने तपासले. कॉम्प्रेसर उतरवून त्याचं सील बदललं. एक रबरी होज नुसत्या संशयावरून बदलला. डॅशबोर्डच्या आत, कूलिंग कॉइलजवळ एक जोड होता. टॉर्च आणि छोटा आरसा धरून त्याने तोही बघितला होता. अंधारात पांढरी रेघ चमकली, आणि त्याने आरसा बाहेर काढला होता.

साडेआठला ताईने भाऊजींची चाकाची खुर्ची ढकलत गॅरेजमध्ये आणली. घर मागेच होतं.

"काय मेहुणेबुवा," भाऊजी म्हणाले. शब्द सावकाश यायचे, पण धार गेलेली नव्हती. "गार वारा कुठवर आला?"

"येतोय. वाटेत आहे."

"तीन दिवस वाटेतच आहे. चालत निघालाय की काय?"

"अहो, त्याला काम करू द्या," ताई म्हणाली. "धाकट्या, चहा घेतलास का? तोंड बघ कसं उतरलंय तुझं."

"नंतर घेतो, ताई."

"मी शर्ट कुठला घालू ते सांगा आधी," भाऊजी म्हणाले. "गाडीला शोभेलसा. पुढे बसायचंय मला."

"तिथे दोनच सीट आहेत, दोन्ही पुढेच," ताई म्हणाली आणि खुर्ची वळवून घेऊन गेली. दाराशी भाऊजींनी डावा हात उगाच वर केला, गाडीला निरोप द्यावा तसा, किंवा थांब म्हणावं तसा.

धाकटा बराच वेळ गेजसमोर उभा राहिला. सगळं करून झालं होतं. उरला होता तो आतला जोड, आणि त्याच्यावर रेघ होती. रेघेवर संशय घ्यायचा म्हणजे भाऊजींच्या खिशात त्यांच्यादेखत हात घालण्यासारखं. पण काटा तर खाली आला होता.

त्याने डावीकडची सीट सोडवून बाहेर काढली, डॅशबोर्डचा खण काढला, आणि पाय दाराबाहेर सोडून, पाठ जमिनीच्या पत्र्यावर टेकवून डोकं डॅशबोर्डखाली घातलं. त्रेसष्टाव्या वर्षी हे आसन सोपं नाही. मान आखडली, डोळ्यात धूळ गेली. लांब दांड्याच्या ब्रशने त्याने जोडाला साबणाचं पाणी लावलं आणि टॉर्च धरून वाट बघत पडला.

आधी काही नाही. मग नटाच्या कडेशी एक बुडबुडा उगवला. तो हळूहळू मोहरीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, आणि फुटायच्या आत त्याच्या शेजारी दुसरा फुगू लागला.

त्याने पाना लावला. नट सहज पाव फेरा फिरला.

तो तसाच पडून राहिला. बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस त्याला लख्ख आठवला. हा नट त्यानेच आवळला होता. इथे पाना फिरवायला जागा नव्हती, बसेल तेवढा बसवून तो बाहेर आला होता आणि म्हणाला होता, "भाऊजी, आतलं तेवढं तुम्ही नीट बघा. माझा पाना पुरता बसला नाही." भाऊजी म्हणाले होते, "बघतो."

आता तो रेघ पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. ती नटावरून नळीवर गेलेलीच नव्हती. नटाच्या दर्शनी बाजूवर नुसता एक फराटा होता, आणि त्याच्या खालच्या टोकाला रंगाचा ओघळ सुकलेला. ब्रश काठीला बांधून लांबून टेकवला की रंग असा ओघळतो. त्या वर्षी भाऊजींचा खांदा धरला होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर यायचे, "मला काही धाड भरलेली नाही!" इथे आत शिरून पाना लावणं त्यांना जमणारच नव्हतं, आणि ते सांगणंही जमलं नसावं.

दरवर्षी उन्हाळ्यात या गाडीचा गॅस कमी व्हायचा, दरवर्षी दोघं तो भरायचे. जुनी गाडी आहे, म्हणायचे. भाऊजी म्हणाले होते बघतो, म्हणून धाकट्याने कधी बघितलं नाही. आणि धाकट्याने आवळलंय म्हणून भाऊजींनाही वाटलं असेल, असेल घट्ट.

पुढचं काम हातांनी आपलं आपण केलं. दाब सोडला, जोड उघडला, रबरी रिंग नवी घातली, नट पुरता आवळला. पुन्हा नायट्रोजन, पाव तासात काटा हलला नाही. मग नळ्यांतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावला. पाऊण तास पंप घरघरत होता तोवर त्याने सीट परत बसवली, खण बसवला. पंप बंद केला, तरी काटा तळाशी चिकटून राहिला. गॅस भरला. सव्वाअकराला त्याने इंजिन चालू करून एसीचं बटण दाबलं.

आधी धुळीचा वास आला. मग थंड हवा. जाळीसमोर धरलेल्या मनगटावरचे केस उभे राहिले. त्याला एकदम ओरडावंसं वाटलं, ताई, त्यांना घेऊन ये! तो दाराकडे दोन पावलं गेलाही.

आणि थांबला.

कारण ब्रेकच्या नळ्या याच गाडीत, बारा वर्षांपूर्वी त्याच हिवाळ्यात बसवल्या होत्या. स्टिअरिंगचे सांधेही. तेही त्यानेच आवळले होते, आणि त्या सगळ्यांवर पांढऱ्या रेघा होत्या. कालपर्यंत त्या रेघांच्या भरवशावर त्याने स्वतःच्या लेकरांना या गाडीत बसवून पाठवलं असतं. आज दीड तासाचा उतार होता, शेजारच्या सीटवर अर्धं अंग गेलेला माणूस असणार होता, आणि मागून ताई येणार होती. सगळे जोड तपासायचे म्हणजे गाडी उचलून, चाकं काढून दोन दिवसांचं काम. हातात होता पाऊण तास.

खरं सांगून टाकावं? काय सांगणार? भाऊजी, तुमची रेघ खोटी निघाली, म्हणून तुमच्या गाडीतून तुम्हाला नेत नाही? ज्या माणसाकडे आता डावा हात आणि ती रेघ एवढंच उरलंय, त्याला?

विचारात अर्धा तास गेला, एसी चालूच होता. मग त्याने एसी बंद केला, इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिला.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना भाची आली. तिची पांढरी मोठी गाडी रस्त्यावर उभी राहिली. सामान चढलं. ताईने भाऊजींना आणलं. निळा, कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

"मामा, झालं का?" भाचीने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. "नाही जमलं मला."

मग भाऊजी म्हणाले, "गळती?"

"सापडली नाही."

"सापडली नाही म्हणजे? हवा काय अदृश्य वाटेने जाते?" त्यांचा आवाज चढला. "चौतीस वर्षं कुणाबरोबर काम केलं मी? एवढी एक गळती..."

"बाबा, राहू द्या ना," भाची म्हणाली.

"आतला जोड बघितलास?"

"बघितला." धाकट्याने त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. "तुमची रेघ आहे त्याच्यावर."

भाऊजींची नजर मेहुण्यावरून गाडीवर गेली आणि मग खाली, गाडीच्या पोटाखाली. धाकट्यानेही तिकडे बघितलं. फरशीवर ताटलीएवढं पाणी साचलं होतं. स्वच्छ पाणी. वरून अजून एक थेंब पडला. एसी नीट गार चालला की गाडीखाली असं पाणी ठिबकतं. हे ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं, तो माणूस खुर्चीत बसून त्या पाण्याकडे बघत होता.

दुसरा थेंब पडला. तिसरा पडायला बराच वेळ लागला.

"चल," भाऊजी मुलीला म्हणाले. आवाज अगदी उतरला होता. "उशीर होतोय."

ताईने धाकट्याच्या गालावरून हात फिरवला. "खात जा वेळेवर. वाईट वाटून घेऊ नकोस रे, होतं असं." तिला वाटलं, त्याचे डोळे हरल्यामुळे भरलेत.

भाऊजींना उचलून मोठ्या गाडीत बसवायला धाकट्यानेच हात लावला. पट्टा लावताना दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली. भाऊजी दुसऱ्या बाजूला, काचेतून बाहेर बघत हळूच म्हणाले, "त्या वर्षी माझा खांदा..."

"माहितेय, भाऊजी."

"हं," भाऊजी म्हणाले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचं डोकं मागे वळलं नाही.

पुढचे दोन दिवस धाकट्याने शटर अर्धं खाली ओढून काम केलं. स्पोर्ट्स कार उचलली, चाकं काढली. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे मिळून सतरा जोड होते. प्रत्येकावर रेघ होती, नटावरून नळीवर किंवा सांध्यावर गेलेली, सरळ, न ओघळलेली. प्रत्येकाला त्याने पाना लावला. पहिला हलला नाही. दुसरा हलला नाही. दहाव्याला त्याने पाना पुन्हा पुन्हा लावून बघितला, कारण आता त्याला एखादा तरी सैल सापडायला हवा होता. सतरावाही हलला नाही.

भाऊजींना त्यांच्या गाडीतून नेता आलं असतं.

ताईचा फोन आला, की प्रवास ठीक झाला, हे मात्र एक शब्द बोलत नाहीत, खिडकीशी बसून असतात, तू बोलतोस का? "हातात काम आहे, मग करतो," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने चाकं परत बसवली आणि गाडी खाली घेतली.

आतल्या त्या जोडावरचा जुना फराटा त्याने खरवडून काढला होता. रंगाची डबी आणि बारीक ब्रश फळीवर होते. डबीचं झाकण उघडून त्याने ब्रश बुडवलाही. पण नट त्याने स्वतः आवळला होता, आणि तपासायला गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्याने ब्रश पुसला, झाकण घट्ट बसवलं आणि डबी होती तिथे ठेवून दिली.